तंग त्याच भोकात लागत होता

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. ५५,१५० रुपये. घोडीच्या चंदीपायी, म्हणजे खाद्यापायी, एका ठगाच्या घशात गेले. नातेवाइकांत ज्यांना कळलं त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "घोडा पाळायला सांगितलं होतं कोणी?" मी २६ वर्षं बँकेत होतो. चेकवरच्या खोट्या सह्या मी नुसत्या नजरेने ओळखल्यात. म्हणून तर हे लिहायला चार महिने लागले.

घोडी थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीची, नऊ वर्षांची. महालक्ष्मीला धावलेली, पुढे पायाच्या दुखण्याने रेसमधून काढलेली. मुलीला रायडिंगचा नाद, म्हणून घेतली आणि गोरेगावला आरेच्या अंगाला एका छोट्या तबेल्यात ठेवली. तबेल्याला लागूनच म्हशींचे गोठे. हे गोठे लक्षात ठेवा, पुढे येणार आहेत. ज्यांनी रेसचा घोडा सांभाळलाय त्यांना सांगायला नको की या जातीच्या अंगाला काही लागत नाही. जरा ताण, जरा बदल, की बरगड्या मोजून घ्या. त्यात मुंबईचा पावसाळा. रेसचे घोडे तेव्हा पुण्याच्या सीझनला जातात, आमची इथेच चिखलात. गवत दमट, वासाचं. ती तोंड लावायची आणि सोडून द्यायची. मे महिन्यातच पाठीचा कणा वर दिसायला लागला होता.

सईस, म्हणजे घोडीची देखभाल करणारा, म्हणाला, हरभरा वाढवू. मी म्हणालो, नको, काहीतरी शास्त्रशुद्ध करू. इथेच घात झाला. शास्त्रशुद्ध करायला 'सर' आले.

एका घोडेवाल्या ग्रुपवर त्यांचा नंबर मिळाला. 'न्यूट्रिशन कन्सल्टंट'. १२ जूनला आले ते पांढरे गमबूट घालून, बॅगेत टेप, कॅल्क्युलेटर आणि छापील चार्ट. आणि माणूस अडाणी नव्हता, हे मी माझ्या समर्थनार्थ शंभर वेळा सांगेन. पाठ, बरगड्या, शेपटीचं मूळ चाचपून घोडा अंगाने किती भरलाय याचे १ ते ९ मध्ये गुण देतात, ते त्याने बरोबर केलं. आमच्या घोडीला साडेतीन दिले. मी विचारलं, तेल सुरू करू का? तर म्हणाला, "साहेब, घोड्याला पित्ताशयच नसतं. तेल पचणार कसं?" घरी येऊन मी शोधलं. खरंच नसतं! झालं, माझा विश्वास बसला. पुढे डॉक्टरांकडून कळलं की पित्ताशय नसलं तरी घोड्याचं पित्त सारखं आतड्यात झिरपत असतं, आणि हळूहळू वाढवलं तर तेल त्याला छान पचतं. वजन वाढवायचा तो सगळ्यात साधा आणि स्वस्त मार्ग. म्हणजे वाक्य खरं होतं, फक्त ते मला तेलापासून लांब ठेवायला वापरलं होतं. अर्धं खरं बोलणाऱ्यापासून जपा, पूर्ण खोटं बोलणारा लगेच सापडतो.

त्या दिवशी दिलेले पैसे: तीन महिन्यांच्या 'प्रोग्राम'चे १८,५००. 'इम्पोर्टेड कंडिशनिंग फीड'ची २० किलोची दोन पोती, ४,८५० प्रमाणे ९,७००. पावडरचा एक डबा ३,२००. एकूण ३१,४००. यूपीआयवर नाव आलं ते कुठल्यातरी बाईंचं. मी विचारलं तर "मिसेसचं अकाउंट आहे". बिल मागितलं तर वहीतलं कच्चं पान. बँकेत माझ्यासमोर एखाद्या ग्राहकाने असं केलं असतं तर मी त्याला खुर्चीत बसवून झापलं असतं.

पण ते ३१,४०० मी माफ करतो स्वतःला. कुणीही फसलं असतं. ३० जूनचे २३,७५० माफ होत नाहीत.

त्या दिवशी सर पुन्हा वजन घ्यायला आले. घोड्याचं वजन टेपने काढायची पद्धत खरी आहे: पुढच्या पायांमागून छातीचा घेर, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. सगळं सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत. १२ तारखेला घेर १७४, लांबी १६२, म्हणजे ४१३ किलो. ३० तारखेला घेर १८०, म्हणजे ४४२ किलो. अठरा दिवसांत २९ किलो! सरांनी कॅल्क्युलेटर माझ्यासमोर धरला. मी टाळीच दिली.

मुलगी शेजारी खोगीर घालत होती, पोटाखालून त्याचा पट्टा, म्हणजे तंग, आवळत होती. ती म्हणाली, "बाबा, पण तंग त्याच भोकात लागतोय." मी ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं. तिने पट्टा ओढून दाखवला. डावीकडे तिसरं भोक, उजवीकडे तिसरं भोक, चामड्यावर त्या भोकाची जुनी चीर तशीच. घेर सहा सेंटिमीटरने वाढला असता तर तो तंग तिथे आला असता का? दुसऱ्या, त्याहून सैल भोकात लावतानासुद्धा ओढाताण झाली असती. आणि टेप? आता डोळ्यांसमोर लख्ख येतं. पहिल्या खेपेला सरांनी ती खेचून धरली होती, कातडीत रुतेपर्यंत. दुसऱ्या खेपेला टेपखाली दोन बोटं सहज गेली असती, शिवाय ती मागे, पोटाच्या बाजूला सरकलेली. मी मुलीला काय म्हणालो असेन? "तू मध्ये बोलू नकोस, सर मोजतायत." चौदा वर्षांची पोर गप्प बसली. तंगाला खोटं बोलता येत नाही आणि तिलाही येत नव्हतं. मी मात्र त्याच मिनिटाला आणखी चार पोती १९,४००, दुसरा डबा ३,२०० आणि टेम्पोभाडं १,१५० असे मोजून दिले.

पुढचं सांगायला जास्त लाज वाटते. सर म्हणाले, "साहेब, दोन शब्द बोला ना, बाकीच्यांना मदत होईल." मी घोडीच्या मानेवर हात ठेवून चाळीस सेकंदांचा व्हिडिओ दिला. "मला तर फरक जाणवतोय," असं म्हणालोय मी त्यात.

आता 'डोस वाढवा' असा आदेश होता. आधी दिवसाला दोन किलो, आता सहा, तेही तीन-तीन किलोच्या दोन खेपांत, आणि एकदम. ज्यांच्याकडे घोडा आहे त्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवा: घोड्याचं पोट ८ ते १५ लिटरचं, एका वेळी दोन किलोच्या फार वर दाणा घालायचा नाही, आणि कुठलंही नवं खाद्य सात ते दहा दिवसांत थोडं थोडं वाढवत आणायचं. ९ जुलैच्या रात्री सईसाचा फोन आला, घोडी लोळतेय, पोटाकडे वळून बघतेय, पाय आपटतेय. पोटशूळ. डॉक्टर भर पावसात अंधेरीहून आले, नाकातून नळी घातली, पहाटे चारपर्यंत आम्ही तिला फिरवत होतो. ७,६०० रुपये. हे वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. वाचली.

पहाटे शेजारच्या गोठ्यातला भैया चहा घेऊन आला. पिंपातल्या खाद्याच्या गोळ्या मुठीत घेऊन हुंगल्या आणि हसला. "साब, ये तो हमारी भैंस का दाना है. ऊपर से गुड का पानी मारा है." त्याने आपलं पोतं आणून दाखवलं. तीच जाडी, तोच करडा रंग, मध्ये सरकीची काळी साल. त्याचं ५० किलोचं पोतं १,४०० ला, म्हणजे किलोला २८. मी भरत होतो किलोला २४२ रुपये ५० पैसे.

मग मी उरलेलं शेवटचं पोतं नीट बघितलं. कारखान्याच्या पोत्याची शिलाई एक दोरा ओढला की सर्रकन सुटते. हे सुतळीने, दाभणाने, हाताने शिवलेलं. स्टिकर नखाने खरवडला तर खाली दुसरा छापा. आयातदाराचं नाव-पत्ता नाही, देश नाही, महिना-वर्ष नाही. पाकीटबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे आणि मी सहा पोती उतरवून घेतली, एकदाही मागची बाजू वाचली नाही. रागाने ते पोतं फाडलं, वजन केलं. १७ किलो ६००.

डॉक्टरांचा चेहरा मात्र पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने उतरला होता. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळतात. त्यांना ते चालतं, घोड्याच्या हृदयाला ते विष. आमच्या गोळ्यांत नसावं, कारण घोडी उभी आहे. गुरांचं खाद्य घोड्याला चुकूनही नको, कितीही भारी पोत्यातून येवो.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "घोड्याचं खाद्य? मग तक्रार घोड्याची की तुमची?" शेजारचे दोघे हसले. दुसरा प्रश्न: "पैसे मर्जीने दिले ना? मग सिव्हिल मॅटर." मी म्हटलं, फसवणुकीचं कलम ४२० आता ३१८ झालंय, मला माहीत आहे. तर म्हणे, माल भिवंडीच्या गोडाउनमधून आला, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणे, घोडी गोरेगावला आहे. माझं घर मुलुंडला, म्हणून एकाने मुलुंडही सुचवलं! हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते, हे मला तिसऱ्या ठाण्यातून बाहेर पडल्यावर एका वकिलाने सांगितलं. खाद्याच्या कार्यालयात गेलो, "आमचं माणसांच्या अन्नाचं." जनावरांच्या कार्यालयात गेलो, तिथल्या बाईंनी मन लावून ऐकलं, घोडीचं वय विचारलं, आणि म्हणाल्या, "पण खाद्य आमच्याकडे येत नाही हो." वजनमापाच्या साहेबांनी एकट्याने रस दाखवला. फक्त एक अट: "सीलबंद पोतं आणा." ते मी फाडून बसलेलो. तुम्ही एक तरी पोतं न उघडता ठेवा, आणि स्टिकरला नख लावू नका. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर विचारलं, घोडी लग्नाच्या वरातीला देता का, कारण धंद्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार चालत नाही. मी म्हटलं, तिच्यावर माझी मुलगी बसते. "तसं लिहून द्या." दिलंय. पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही, एवढं एक बरं. बँकेनेही, माझ्याच बँकेने, सांगितलं की तुम्ही स्वतः पिन टाकलाय. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला त्याच तासाला फोन करायचा असतो. मी दहाव्या दिवशी केला.

आणि वजन का उतरत होतं? दाढा. कडांना धार आली होती, गालाला आतून जखमा. गव्हाणीखाली चघळून टाकलेल्या गवताचे ओले गोळे मी महिनाभर बघत होतो आणि सईसाला झाडून घे म्हणत होतो. कानशीने दाढा घासायचे ४,५०० लागले. लीद तपासली, जंताचं औषध दिलं. आता तिला पोटभर सुकं गवत, लसूणघास, भिजवलेला हरभरा थोडा, उकळलेलं जवस, आणि ५० मिलीपासून चढवत नेलेलं २०० मिली तेल, दिवसभरात चार खेपांत. जुलैत मी शिंप्याच्या टेपने मोजलं तेव्हा घेर १७२ होता, ४०३ किलो. गेल्या रविवारी १७७. पण मी टेपवर थांबलो नाही, मुलीला विचारलं. तंग दुसऱ्या भोकात लागतो.

सरांचा नंबर बंद आहे, व्हिडिओ फिरतोय. मागच्या आठवड्यात नाशिकहून एकाचा फोन आला, "काका, तुमच्या घोडीला फरक पडला ना? मी आठ पोती सांगतोय." त्याला अडवलं. व्हिडिओत निळा शर्ट, चष्मा, घोडीच्या मानेवर हात, आणि मागे खाली मान घालून उभी असलेली मुलगी. तुमच्याकडे आला असेल तर तो मीच आहे. पुढे पाठवू नका.