80 किलोमीटरच्या बॅटरीत निघाले 30 सेल

माझा धाकटा भाऊ पुण्यात इलेक्ट्रिक सायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवतो. 250 वॉटची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरची मर्यादा असलेल्या सायकलला ना लायसन्स लागतं ना पासिंग, म्हणून या कामातली बरीच मुलं तीच घेतात. अडचण रेंजची. कंपनीची बॅटरी 36 व्होल्ट, 7.5 अँपिअर-अवर (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप), पेडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर पळवली की दुपारीच मान टाकते. नेमकं हे हेरून एका दुकानदाराने त्याला साडेअकरा हजारांना गंडवलं.

“20 अँपिअर-अवरचा पॅक बसवून देतो, भाऊ. 80 किलोमीटर बिनधास्त पळव. वर्षाची गॅरंटी.” पॅकवर तसं चकचकीत स्टिकरही होतं. पक्कं बिल मात्र दिलं नाही. चिठ्ठीवर ‘बॅटरी 1 नग’ आणि रक्कम, बस्स.

सायकल जेमतेम पूर्वीइतकीच चालायला लागली. चांदणी चौकाच्या चढाला तर मीटरवर अर्धं चार्जिंग दिसत असताना मोटर बंद पडायची. दुकानात नेलं की कारणं तयार: टायरमध्ये हवा कमी, बॅग जड, नवी बॅटरी ‘सेट’ व्हायला वेळ लागतो.

मला खटकली चार्जिंगची वेळ. चार्जर 2 अँपिअरचा. 20 अँपिअर-अवर भरायला त्याला किमान दहा तास हवेत. इथे तीन तासांत हिरवा दिवा! म्हणजे आत फार तर सहा अँपिअर-अवर जात होते. मग पॅक किराणावाल्याच्या काट्यावर ठेवला. दोन किलोसुद्धा भरला नाही. अशा पॅकमध्ये सहसा असतात ते बोटाएवढे गोल ‘18650’ सेल, प्रत्येकी अडीच अँपिअर-अवरचे, वापरले तर खऱ्या 20 अँपिअर-अवरच्या पॅकला 80 सेल लागतात, आणि नुसत्या सेलचंच वजन साडेतीन किलोच्या वर जातं.

बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराने तो आमच्यासमोर उघडला. आत 30 सेल, उरलेल्या जागेत फोम कोंबलेला. निळं वेष्टन सोललं तर खाली दुसऱ्याच रंगाचं जुनं वेष्टन निघालं. पट्ट्या स्पॉट वेल्डिंगऐवजी हाताने डाग देऊन जोडलेल्या. बीएमएस म्हणजे सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की चार्जिंग तोडणारं सर्किट; सेलचं व्होल्टेज त्याला कळवणाऱ्या काही बॅलन्स वायर तर कुठेच जोडलेल्या नव्हत्या, नुसत्या चिकटवल्या होत्या. म्हणजे एखादा सेल प्रमाणाबाहेर चार्ज झाला तर थांबवणारं कुणी नाही. आग लागते ती अशीच. चार मुलं झोपतात त्या खोलीत, गादीशेजारी, हा पॅक रात्रभर चार्जिंगला असायचा. पैशांपेक्षा मला याचा संताप जास्त आहे.

हिशेबही सांगते. 36 व्होल्ट गुणिले 20 अँपिअर-अवर म्हणजे 720 वॉट-अवर, ही बॅटरीतली एकूण ऊर्जा. थ्रॉटलवर किलोमीटरमागे साधारण 15 ते 20 वॉट-अवर जातात. पॅक खरा असता तरी पन्नासच्या आतच संपला असता. म्हणून कुणी किलोमीटर सांगितले की वॉट-अवर विचारा, पॅक तोलून घ्या, आणि वॉटमीटर लावून बॅटरी पूर्ण डिस्चार्ज करून दाखवायला सांगा.

पैसे यूपीआयने दिले होते, त्याचा पुरावा आहे. स्टिकरचे, उघडलेल्या पॅकचे फोटो आहेत, कारागिराने लेखी दिलं आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली तेव्हा दुकानदार अर्धे पैसे द्यायला तयार झाला. भावाने घेतले नाहीत. आता ग्राहक आयोगाकडे जातोय, त्याला दोन वर्षांची मुदत असते. तुमच्याकडे असा स्वस्तातला पॅक असेल तर तक्रार नंतर करा, आधी आज रात्री तो खोलीत चार्जिंगला लावू नका.