काचेवरून येणारं ऊन मोजायचं कसं: चित्र, आरसा की फोटॉन मॅप?

समोरच्या काचेच्या इमारतीवरून येणारं ऊन रेडिअन्समध्ये (प्रकाशाचा हिशेब करणाऱ्या संगणक प्रोग्राममध्ये) तपासताना बरेच जण एकाच ठिकाणी अडखळतात. मॉडेलचं चित्र काढलं की काचेत सूर्य लखलखतो. त्याच जागेचे लक्स (तिथे किती प्रकाश पडतो ते मोजणारं एकक) काढले, की आकड्यातून सूर्य गायब! चित्रात नजरेचा किरण काचेवर आपटून थेट सूर्याला भिडतो, म्हणून ल्युमिनन्स, म्हणजे डोळ्याला दिसणारी चमक, बरोबर येतो. इल्युमिनन्ससाठी, म्हणजे पडणाऱ्या प्रकाशाच्या लक्ससाठी, मात्र बिंदूपासून चहूकडे किरण सोडले जातात. त्यातला एखादा काचेवरून जेमतेम अर्ध्या अंशाच्या सूर्यापर्यंत पोचला, तरी प्रोग्राम तो धरत नाही, कारण प्रकाशस्रोतांचा हिशेब तो वेगळा ठेवतो.

चूक किरकोळ नाही. थेट ऊन सुमारे १ लाख लक्स, सूर्याचा ल्युमिनन्स सुमारे १६० कोटी कँडेला प्रति चौरस मीटर. साधी काच समोरून आलेल्या उन्हातलं ८ टक्के परतवते, म्हणजे ८,००० लक्स आणि जवळपास १३ कोटी कँडेला. त्याच उन्हातली पांढरी भिंत २२,००० कँडेलाच्या आसपास थांबते. (भिंतीसाठी हा खटाटोप नको, नेहमीची पद्धत पुरते.)

प्रश्न फक्त डोळे दिपण्याचा असेल, तर चित्र घ्या. १८० अंशांचं फिशआय चित्र १,००० पिक्सेल रुंद असलं, तरी सूर्याची रुंदी तीनच पिक्सेल भरते. त्यामुळे रिझोल्यूशनमध्ये कंजुषी नको.

लक्स हवे असतील आणि काच सपाट असेल, तर मी डोळे झाकून काचेला रेडिअन्समधलं 'मिरर' (आरसा) मटेरियल देईन. ते सूर्याची आभासी प्रतिमा स्रोत म्हणून धरतं, उत्तर स्वच्छ आणि झटपट येतं. खोच एवढीच, की त्याचं परावर्तन कोनानुसार बदलत नाही. ८० अंशांच्या तिरप्या उन्हात काच निम्म्याहून जास्त प्रकाश परतवते, तिथे ८ टक्केच ठेवले तर उत्तर साफ चुकेल. प्रत्येक वेळेचा कोन काढून आकडा भरा.

दर्शनी भाग वक्र असेल, तर फोटॉन मॅपच, म्हणजे स्रोताकडून प्रकाशकण सोडून ते कुठे पडतात याचा नकाशा. लंडनच्या २० फेनचर्च स्ट्रीटच्या अंतर्वक्र काचेने २०१३ मध्ये रस्त्यावरच्या गाडीचे भाग वितळवले होते. असं एकवटलेलं ऊन तुकड्यातुकड्यांच्या आरशांनी पकडायचं, तर तुकडे करता करताच जीव जाईल. फोटॉन मॅपला वेळ लागतो आणि फोटॉन कमी पडले की नकाशावर डाग उठतात, पण इथे इलाज नाही.

मार्ग कुठलाही निवडा, डोळ्यापाशी उभ्या पातळीतले लक्स चित्रातूनही काढून ताडून पाहा. दोन आकड्यांत हजारोंचा फरक पडला, तर कुठेतरी सूर्य निसटलाय.