लेकरं लहान आहेत: आधी वेरूळ की आधी अजिंठा?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की जालना, परभणी, बीडकडच्या घरांत हा प्रश्न निघतोच. एक लेकरू चार-पाच वर्षांचं, एक कडेवरचं, हातात एकच दिवस आणि दाराशी गाडी. वेरूळ करायचं की अजिंठा? दोन्ही एकाच दिवसात उरकायचा बेत कुणी मांडला, तर लेकरं सोबत असताना तो मनातूनच काढून टाका, एवढंच सांगेन. दोन्ही ठिकाणं दोन दिशांना आहेत आणि दोन्हींना सवड लागते.

कोणती लेणी श्रेष्ठ, हा वाद इथे घालायचा नाही. जागतिक वारसा यादीत दोन्ही 1983 सालीच गेली आणि दोन्ही आपल्याच मराठवाड्याच्या दगडात आहेत. माझ्या मनाचं विचाराल तर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं पद्मपाणीचं, म्हणजे हाती कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं, चित्र पाहताना जे वाटतं, ते मला दुसरीकडे कुठे वाटलेलं नाही. पण लेकरं सोबत असली की आपलं मन मागे पडतं. दिवस त्यांचा असतो. तो कुठे नीट पार पडतो, तेवढंच मला सांगायचं आहे. आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो आहोत, त्यावरून सांगतो. तुमची लेकरं वेगळ्या स्वभावाची असतील, तर थोडं कमी-जास्त धरा.

आधी अजिंठ्याची बाजू, कारण लेकरांना तिथे काही कळत नाही असं पुष्कळजण म्हणतात आणि ते मला पटत नाही. पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांना मिळून एकच डोकं आहे. कुठल्याही हरणाकडे बघा, डोकं त्याचंच वाटतं. आमची थोरली तिथून हलायला तयार नव्हती. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांपाशी दोन्ही बाजूंना हत्ती आहेत. सतराव्यात महाकपी जातक, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मीची एक गोष्ट, रंगवलेलं आहे: आपल्या कळपाला नदीपार काढण्यासाठी स्वतःच्या अंगाचा पूल करणारा वानरांचा राजा. ही गोष्ट आदल्या रात्री घरी सांगून ठेवली, तर भिंतीवर ती शोधायला लेकरं स्वतःहून पुढे होतात. अगदी टोकाला सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणातले बुद्ध आडवे झालेले आहेत. आमच्या धाकट्याला ते झोपलेलेच वाटले आणि तो दबक्या आवाजात बोलू लागला. शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला 1819 साली पलीकडच्या डोंगरावरून झाडोऱ्यात दहाव्या लेण्याची कमान दिसली, ही हकिकत तर लेकरांना परत परत ऐकायची असते. आणि पावसाळा सरता सरता वाघूर नदीचं ते घोड्याच्या नालेसारखं वळण, वरून पडणारं पाणी, हिरवागार कडा हे सगळं लेण्यांत न शिरतादेखील डोळे निववणारं आहे.

मात्र ही चित्रं पाहायला लेकरांना थोडं थांबावं लागतं. आत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो आणि डोळे सरावायला वेळ लागतो. मोठ्या माणसाला तो अंधार सुखाचा वाटतो. तीन वर्षांच्या लेकराला तो नुसता अंधार असतो आणि ते "बाहेर चल" म्हणतं. चित्रांच्या लेण्यांबाहेर पायताणं काढायची, आत एका वेळी ठराविक माणसंच सोडतात, म्हणून दाराशी उभं राहायचं, बाहेर आलं की पुन्हा घालायची. नाडीचे बूट घालून नेलं तर निम्मा वेळ नाड्यांतच जातो. चिकटपट्टीच्या सँडल बऱ्या.

आता वेरूळ. तिथे लेण्यांची रांग सुमारे दोन किलोमीटर पसरली आहे आणि लोकांसाठी खुली असलेली लेणी चौतीस आहेत. पण लेकरांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी सोय ही की जे सगळ्यात भव्य आहे ते दाराशीच आहे. आत शिरलं की समोर सोळावं लेणं, म्हणजे कैलास. लेकरं ताजी असतात, पोट भरलेलं असतं, ऊन चढलेलं नसतं, आणि तेव्हाच ती कैलासाच्या अंगणात उभी असतात. अंगण आहे, हा शब्द मी जाणून वापरतो. चारी बाजूंनी डोंगराच्या भिंती, मध्ये मोकळी जागा. लेकरू पळालं तरी जाऊन जाऊन जाणार कुठे! अजिंठ्याला कड्याच्या अंगाने जाणाऱ्या वाटेवर आम्ही धाकट्याचं मनगट सोडलं नाही. कैलासात त्याला सोडून दिलं.

पाहण्यासारखं तर किती! प्रवेशालाच गजलक्ष्मी, तिच्यावर पाणी ओतणारे हत्ती. अंगणात दोन बाजूंना दोन मोठे दगडी हत्ती, एकेक ध्वजस्तंभ, आणि मंदिराच्या चौथऱ्याला जणू पाठीवर पेलून धरणारी हत्तींची ओळ. "मोज बरं किती आहेत" एवढं म्हटलं की आई-बापाला जरा उसंत मिळते. दक्षिणेच्या भिंतीवर रामायण ओळी-ओळींनी कोरलेलं आहे, उत्तरेला महाभारत. आपल्या घरांत या गोष्टी लेकरांच्या कानांवर पडलेल्या असतात, म्हणून हनुमान ओळखायला त्यांना आपली मदत लागत नाही. त्याच दक्षिण बाजूला खाली रावण कैलास हलवतो आहे. हा सगळा डोंगर वरून खाली, कळसाकडून पायाकडे कोरत आणला, हे लेकरांना सांगून पाहा. थोरलीने लगेच विचारलं, "मग चुकलं तर?" राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आठवं शतक, हे तिला आज आठवत नाही, पण तो प्रश्न ती अजून विचारते.

कैलासानंतर आम्ही दहावं लेणं घेतो, ज्याला इकडे सुतार की झोपडी म्हणतात. छताला लाकडी वाशांसारख्या कमानी दगडातच काढल्या आहेत आणि आत आवाज घुमतो. लेकरांना तिथून बाहेर काढणं अवघड. दशावतार आणि तीन ताल या लेण्यांत पायऱ्या उंच आहेत, कडेवरचं लेकरू घेऊन त्या चढाव्यात असं मी म्हणणार नाही. कैलासाच्या बाजूने डोंगरावर जाणारी वाटही लेकरं मोठी होईपर्यंत राहू द्या. वरून दिसतं फार सुंदर, पण ती लेकरू मोकळं सोडण्याची जागा नव्हे. जैन लेणी उत्तरेच्या टोकाला आहेत. लेकरं तोवर दमलेली असतात. इंद्रसभेतलं बारीक काम पाहायचं असेल तर दोघांपैकी एकाने जाऊन यावं. काही दालनांत वटवाघळांचा उग्र वास असतो, धाकट्याने नाक धरलं होतं.

इथवर दोन्ही पारडी मला सारखीच वाटतात. ज्यामुळे एक खाली गेलं, ते लेण्यांबाहेर आहे.

अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या तिठ्याजवळ ठेवावी लागते आणि तिथून लेण्यांपर्यंतचे साधारण चार किलोमीटर ठरलेल्या बसने जावं लागतं. गाड्यांच्या धुरापासून चित्रं जपायची तर हे करायलाच हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लहान लेकरू असलेल्या घरासाठी या एका गोष्टीने सगळ्या दिवसाचं गणित बदलतं. गाडी ही आपली अर्धी खोली असते. त्यात कोरडे कपडे, दुधाची बाटली, चटई, जास्तीचं पाणी, उलटीसाठी पिशव्या, आणि मुख्य म्हणजे लेकराला आडवं करायला जागा. ती खोली चार किलोमीटर लांब राहिली की सगळं खांद्यावर येतं. जड पिशवी आणि लेकरू, दोन्ही घेऊन पायऱ्या चढायच्या. आणि इतकं करूनही काहीतरी गाडीत राहतंच. आमची टोपी राहिली होती.

जाताना हे जाणवत नाही, सगळे हुरूपात असतात. येताना जाणवतं. दुपार कलली की सगळेच एकदम परततात. खाली येऊन बसची वाट पाहायची. बस आली की गर्दी पुढे सरकते, आणि तुमच्या खांद्यावर झोपलेलं लेकरू, दुसऱ्या हाताला धरलेलं पेंगणारं, काखेत पिशवी. चढताना धाकटा जागा झाला आणि रडायला लागला तो गाडीपर्यंत थांबला नाही. त्यातच उतरल्यावर गाडीपर्यंत जाताना दुकानांची ओळ लागते: रंगीत खडे, फोडलेल्या दगडाच्या पोटात चमकणारे स्फटिक, खेळणी. तो दगड खरोखर सुंदर असतो, आपल्याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार झालेला. पण दमलेल्या, भुकेल्या लेकराला त्या ओळीतून न्यायचं ही वेगळीच कसोटी. मग परतीला घाट, आणि घाटात उलटी. आमच्या बाबतीत हे सगळं एका तासाच्या आत घडलं आणि सकाळच्या चार हरणांचा आनंद त्याखाली दबून गेला.

वेरूळला गाडी दारापासून फार लांब नसते. धाकट्याने कपडे ओले केले, तेव्हा आमच्यापैकी एक त्याला घेऊन गाडीकडे गेला, कपडे बदलले, दूध पाजलं, निजवलं. दुसरा थोरलीबरोबर आतच राहिला. कुणाचा दिवस मोडला नाही. लेकरू कंटाळलं की तिथेच थांबता येतं, ही मोकळीक माझ्या लेखी कुठल्याही शिल्पाइतकी मोलाची आहे. अर्धवट पाहून परत फिरलं तरी कैलास पाहून झालेला असतो. अजिंठ्याला इतक्या लांबून येऊन, चढून, अर्ध्यावरून उतरायला जीव धजत नाही. मग आपण लेकराला ओढत पुढे नेतो.

वेळेचंही थोडं आहे. वेरूळ सकाळी लवकर उघडतं, अजिंठा नऊला. लेकरं तशीही पहाटे उठून बसलेली असतात. जालन्याहून अंधारात निघालं की उन्हाच्या आधी वेरूळला पोचता येतं. तिथली लेणी पश्चिमेला तोंड करून असल्याने सकाळी सावली असते. दुपारी तोच दगड इतका तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही. अजिंठ्याला नऊला आत शिरून टोकापर्यंत जाऊन येईस्तोवर ऊन डोक्यावर येतं.

वेरूळला कटकट नाही असं नाही. दौलताबादच्या वेशीतून रस्ता जातो तिथे गाड्या अडकतात, सुट्टीच्या दिवशी तर फारच. श्रावणात घृष्णेश्वराची गर्दी आणि शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जाणारी माणसं, म्हणून श्रावणातले सोमवार-शनिवार टाळाच. दर्शनाची रांग मोठी दिसली तर मंदिर पुढच्या खेपेला ठेवा. लेकरं रांगेत दमली की लेण्यांसाठी काही उरत नाही. परतताना देवगिरी करायचा मोह होतो. किल्ल्यातल्या अंधारीतून, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेतून, कडेवरचं लेकरू घेऊन जाण्याचं धाडस आम्ही केलं नाही, खालून किल्ला दाखवला आणि रस्त्याच्या कडेला सीताफळं घेतली. मालोजीराजे भोसले याच वेरूळचे, एवढं सांगितलं तरी शाळेत जाणारं लेकरू खूश होतं.

वानरं दोन्हीकडे आहेत आणि ती हातातलं हिसकावतात. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी असं जे काही नेलं असेल, ते गाडीत बसून खा. हेही वेरूळलाच जमतं.

तरीही कुणी अजिंठाच आधी केला तर मी चूक म्हणणार नाही. लेकरू वर्षाच्या आतलं असेल, झोळीत पोटाशी बांधून निजत असेल, तर त्याला बस काय नि गाडी काय सारखंच. सोबत आजी-आजोबा, काका असे हात असतील तरी ओझं वाटून जातं. आणि आजीला चढवत नसेल तर अजिंठ्याला डोलीवाले मिळतात. लेकरं सात-आठ वर्षांची झाली असतील, तर मीसुद्धा अजिंठाच म्हणेन, कारण त्या वयात चित्रांतली गोष्ट उलगडायला लागते.

वार मात्र निघण्याआधी पाहा: वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. यंदा आम्ही पुन्हा वेरूळच करणार आहोत, कैलास आणि दहावं, बाकी काही नाही. अजिंठ्याला धाकटा स्वतःच्या पायांनी सगळ्या पायऱ्या चढू लागला की जाऊ, आदल्या रात्री फर्दापूरला मुक्काम करून, सकाळच्या पहिल्या बसने, म्हणजे दुपारच्या गर्दीआधी खाली उतरता येईल.