ऑक्टेव्हमध्ये बार ग्राफ, आठ महिने वापरल्यावर

दर आठवड्याचे बार ग्राफ आधी स्प्रेडशीटमध्ये माउसने ओढूनताणून करायचो, गेले आठ महिने सगळे ऑक्टेव्हमध्ये (आकडेमोड आणि ग्राफसाठीचं मोफत सॉफ्टवेअर, कमांड लिहून चालवायचं) काढतोय. नवीन डेटा आला की तीच स्क्रिप्ट रन करायची, पीएनजी तयार. एवढ्यासाठी तरी आता परत मागे जाणार नाही, पण पहिल्या महिन्यात जाम वैतागलो होतो.

बार कमांड तशी सोपी, आकडे द्या नि ग्राफ घ्या. घोळ होतो तो मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता, दिल्यावर. रो म्हणजे गट, कॉलम म्हणजे रंग, हे डोक्यात बसायला हवं. माझ्याकडे ३ सेन्सरची १२ महिन्यांची रीडिंग होती, ती मी ३ रो आणि १२ कॉलम अशी भरलेली, मग काय, महिन्यांचे गट राहिले बाजूला आणि स्क्रीनवर तीन कंगवे उगवले. तासभर बारची रुंदी कमीजास्त करत बसलो (डिफॉल्ट ०.८ असते, तिचा बिचारीचा काही दोष नव्हता), शेवटी मॅट्रिक्सच्या नावापुढे एक अपॉस्ट्रॉफी टाकला, ट्रान्सपोज झालं (रो-कॉलमची अदलाबदल) आणि ग्राफ सरळ. एकच रो असली तर अजून वेगळीच गंमत, ऑक्टेव्ह तिला साधा व्हेक्टर (आकड्यांची एकच यादी) समजतं आणि स्टॅक्ड, म्हणजे एकावर एक रचलेले बार, मागितले तरी सुटे सुटे बार देतं. मी खाली शून्यांची एक रो जोडतो आणि एक्स लिमिटने (आडव्या अक्षाची मर्यादा) ती बाजू कापून टाकतो. जुगाड आहे, पण चालतो.

नावं लावताना मात्र खरंच सांभाळा. एकदा २२ बार होते आणि मी फक्त एक्सटिकलेबल (आडव्या अक्षाखालची नावं) सेट केलं, एक्सटिक (ती नावं ज्या खुणांखाली येतात त्यांच्या जागा) विसरलो. टिक आपोआप ०, ५, १० अशा पडलेल्या, त्यामुळे पहिलं नाव शून्याखाली आणि दुसरं थेट पाचव्या बारखाली. एरर वगैरे काही येत नाही हो, ग्राफ छान दिसतो आणि चुकीचा असतो! तेव्हापासून दोन्ही एकाच ओळीत सेट करतो.

बारच्या डोक्यावर आकडा हवा असेल तर फॉर लूप लावून टेक्स्ट कमांडने स्वतःच लिहायचा. गटातल्या बारचे मध्यबिंदूही आपणच काढायचे, तीन बारचा गट असेल तर ०.८ भागिले ३, म्हणजे साधारण ०.२७ एवढं अंतर. मॅटलॅब या ऑक्टेव्हसारख्याच विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१९ बी आवृत्तीपासून हे एक्सएंडपॉइंट्स नावाने आयतं मिळतं, त्याचा हेवा वाटतो खरा.

स्टॅक्डमध्ये पहिला कॉलम तळाला असतो आणि लेजंडमध्ये (कुठला रंग कशाचा ते सांगणारी चौकट) तोच सगळ्यात वर, बघणारा दर वेळी गोंधळतो. मी आता लेजंड उलटा करून लावतो.

वर्षातून एखादाच ग्राफ लागत असेल तर स्प्रेडशीटच बरी, उगाच या भानगडीत पडू नका.