साधा व्हर्निअर कॅलिपर (१५० मिमी): फिटरच्या पोरांनी हाच घ्यावा

व्हर्निअर कॅलिपर म्हणजे जबड्यांत वस्तू धरून बारीक माप घ्यायची सरकती पट्टी. तो डिजिटल घ्यावा की साधा, यावर आमच्या वसतिगृहात जेवताना भांडणं होतात. मी साधा घेतला. स्टेनलेस स्टीलचा, लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी, नाशिकात साडेआठशेला पडला. पैसे घरच्या आमचुराचे. आमच्या धडगावकडे उन्हाळ्यात अख्खं घर कैऱ्या सोलायला बसतं, त्यामुळे साडेआठशेत किती कैऱ्या जातात ते मला नीट माहीत आहे. मितुतोयो या जपानी कंपनीचाही हातात घेऊन बघितला, किंमत ऐकून जागेवर ठेवला.

दुकानदाराने आधी डिजिटलच पुढे केला, "ताई, आकडा सरळ दिसतो" म्हणून. दिसतो, पण सेल संपला की काय? आमच्या पाड्यावर बटन सेल कुठे मिळणार! शिवाय थिअरीच्या पेपरात रीडिंग काढायला लागतंच. मेन स्केलवर, म्हणजे मोठ्या पट्टीवर २४, व्हर्निअरची, म्हणजे सरकत्या पट्टीची १८वी रेघ जुळली, तर १८ गुणिले ०.०२ म्हणजे ०.३६, एकूण २४.३६ मिमी. हाताला सवय असली की एवढ्याला कागदही लागत नाही.

घेताना जबडे मिटवून उजेडाकडे धरले. फटीतून उजेड आला नाही, शून्याला शून्यही जुळलं. दुसऱ्या एका पीसमध्ये उजेडाची बारीक रेघ चमकत होती, तो परत दिला. दुकानदार कुरकुरला नाही, याचे त्याला वेगळे मार्क.

सध्या आमचं चौकोनी मेल-फिमेल फिटिंग, म्हणजे एक तुकडा दुसऱ्याच्या खाचेत नेमका बसवणं, चालू आहे. कानस मारून जॉब, म्हणजे हातातला लोखंडाचा तुकडा, मापात आणायचा. दोन हात जास्त बसले की संपलं, लोखंड परत चिकटत नाही. वर्कशॉपमधल्या व्हर्निअरची वाट बघायला लागत नाही, हा मोठा फायदा. फक्त मापायच्या आधी कडेची बर (कानशीने उठलेली धारदार कोर) काढा, नाहीतर माप जास्त दाखवतो आणि दोष व्हर्निअरला लागतो.

दिवाळीत घरी नेला होता. काका तीर-कामठा बनवतात, माप सगळं बोटाचं आणि डोळ्याचं. त्यांनी लगेच तिराची काडी पुढे केली. एका टोकाला ८.४२, दुसऱ्याला ८.३६. काका म्हणाले, "मग सरळच आहे की." सहा शतांश मिलिमीटरचा फरक, नुसत्या कोयत्याने! आमच्या बॅचमध्ये निम्म्यांना कानशीने जमत नाही.

आता याच्यातल्या उणिवाही सांगते. रेघा उथळ कोरल्यात, ट्यूबलाइटखाली चमकतात, तिरकं बघितलं तर एक रेघ इकडची तिकडे होते. लॉकिंग स्क्रू ढिला आहे, घट्ट करताना जबडा किंचित सरकतो, म्हणून मी जॉबवर असतानाच वाचते. प्लॅस्टिकची डबी तर पहिल्याच महिन्यात बिजागरीला तुटली, आता आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवते. त्याला तेलाचा हात लागलेला असतो, त्यामुळे गंजही धरत नाही.

टर्नरवाल्यांनी (लेथवर काम करणाऱ्यांनी) मायक्रोमीटरसाठी, म्हणजे याहून बारीक मापाच्या साधनासाठी, पैसे राखून ठेवा. फिटरला पहिल्या वर्षी एवढा पुरतो.