जेट स्कीमागचा १० मीटरचा टो-दोर: लहान लाटांसाठी घ्यावा का?

घ्यावा. मात्र त्यातला हूक पहिल्याच दिवशी काढून टाकावा आणि हँडल पाण्यात टाकून तपासल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नये. जेट स्कीला दोर बांधून सर्फरला, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवर स्वार होणाऱ्याला, ओढत न्यायचं आणि लाटेवर सोडायचं, यासाठी हा दोर. ऑनलाइन मिळणाऱ्या या संचात साधारण एवढ्या गोष्टी येतात: ८ ते १० मिलीमीटर जाडीचा, आतून पोकळ विणीचा पॉलिप्रॉपिलीनचा दोर, त्रिकोणी हँडल, फोमचा एक गोळा, चकचकीत हूक आणि जाळीची पिशवी. झिरो माइलच्या गावाला समुद्र सगळीकडून लांबच. त्यामुळे नागपूरकरांसाठी या संचाचा खरा उपयोग दोन टप्प्यांत होतो. दोर धरणं, उठणं आणि सोडणं हे खिंडसीसारख्या मोठ्या तलावावर रीतसर परवानगी घेऊन शिकायचं, आणि मग विशाखापट्टणम किंवा पुरीच्या किनाऱ्यावर लाटेत उतरायचं.

मोठ्या लाटांवरचं असं ओढून सोडणं, म्हणजे टोइंग, सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलेलं असतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईत लेअर्ड हॅमिल्टन, बझी कर्बॉक्स आणि डॅरिक डोर्नर यांनी आधी रबरी मोटरबोट वापरून ही पद्धत सुरू केली, जेट स्की नंतर आली. तिथं अडचण होती वेगाची: लाट इतकी जोरात धावते की हातांनी वल्हवून माणूस तिला गाठूच शकत नाही. लहान लाटेत अडचण नेमकी उलटी असते, आणि संच निवडताना तीच लक्षात घ्यावी लागते.

थोडा हिशोब करू. लाट फुटते तिथं पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट असते, आणि उथळ पाण्यात लाटेचा वेग त्या खोलीवर ठरतो. १ मीटरची लाट फुटताना ताशी १३ किलोमीटरच्या आसपास धावते, ६० सेंटीमीटरची जेमतेम १० किलोमीटरने. आता तीन जण बसलेली वॉटर स्कूटर (म्हणजे आपली जेट स्कीच) ताशी १३ किलोमीटरने चालवून पाहा. नाक वर, शेपटी पाण्यात रुतलेली आणि मागे भलामोठा फेसाळ उसळा. स्कूटर पाण्यावर उचलली जाऊन सरकायला लागण्याआधीचा हाच वेग सर्वांत जास्त पाणी ढवळतो. म्हणजे लाटेच्या वेगाशी वेग जुळवायला गेलात तर ज्या लाटेवर मित्राला सोडायचं तिचाच चेहरा तुमच्या स्कूटरने विस्कटून ठेवलेला असतो.

म्हणून लहान लाटेत ताशी २० ते २५ किलोमीटरने ओढायचं. या वेगाला स्कूटर पाण्यावर सपाट बसते आणि मागचा उसळा लहान होतो. सर्फरने लाट उभी राहण्याच्या आधीच दोर सोडायचा, उरलेल्या वेगावर लाटेत शिरायचं. चालकाने त्याच क्षणी लाटेच्या न फुटलेल्या खांद्याकडून मागे निघून जायचं. फुटणाऱ्या बाजूला वळलं की स्कूटरही फेसात आणि सर्फरही तिच्या रस्त्यात.

या कामाला १० मीटर लांबी बरोबर बसते. तेवढ्या दोराने सर्फर उसळ्याच्या बाहेर, सपाट पाण्यावर राहू शकतो. चालक हलकं वळण घेतो तेव्हा बाहेरच्या बाजूचा सर्फर गोफणीतल्या दगडासारखा जास्त वेगाने फिरतो, तो जादा वेग फुकटचा. ६-७ मीटरच्या दोराने वळणं आटोपशीर होतात, पण सर्फर सतत ढवळलेल्या पाण्यात नाचतो. १५ मीटरच्या वर गेलं की लहान लाटेच्या अरुंद जागेत दोर सैल पडतो, आणि सैल दोराचा शेवट स्कूटरला ढकलणाऱ्या पाण्याच्या पंपात, म्हणजे जेटमध्ये.

आता दोराबद्दल. इतवारी बाजारातून नायलॉनचा मजबूत दोर स्वस्तात आणता येईल, असं बरेच जण सुचवतात. राजेहो, ते करू नका. नायलॉनची घनता १.१४, म्हणजे तो बुडतो. पॉलिप्रॉपिलीनची ०.९१, तो तरंगतो. शिवाय नायलॉन रबरासारखा ताणतो. ट्रक बांधायला तो गुण आहे, इथं मात्र हँडल सुटलं की ताणलेला दोर चालकाच्या पाठीवर येतो. डायनीमा या खूप मजबूत कृत्रिम धाग्याचा दोर तरंगतो, ताणतही नाही आणि टिकतोही जास्त, पण महाग. शिकण्याच्या काळात संचातला दोर पुरेसा आहे.

त्याचा खरा शत्रू आपलं ऊन. पॉलिप्रॉपिलीनला सूर्यप्रकाश खातो, आणि नागपूरचा मे महिना म्हणजे ४५ अंशांची धग. दोर गच्चीवर किंवा स्कूटरच्या सीटवर पडून राहिला की एका हंगामात ठिसूळ होतो. तपासायची पद्धत सोपी: कोरडा दोर मुठीतून पूर्ण लांबी ओढून घ्या. तळहाताला पांढरी भुकटी लागली, बारीक केस उभे टोचले किंवा एखादी जागा काडीसारखी कडक लागली तर तो दोर कपडे वाळत घालायला ठेवा. वापर झाला की सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवावा. संचातली जाळीची पिशवी ऊन अडवत नाही.

पोकळ विणीचा एक फायदा असा की दोराचा शेंडा दोराच्याच पोटात वीत-दीड वीत ओवून फासा करता येतो. ताण आला की वीण आवळते आणि शेंडा पकडून ठेवते. गाठ मारली तर दोराची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि ओली गाठ नंतर दातांनीही सुटत नाही. संचातले दोन्ही फासे कारखान्यात ओवलेले असतील तर उत्तम. एखादा नुसता शिवलेला किंवा टेपने गुंडाळलेला आढळला तर तो परत ओवून घ्यावा.

हूक मात्र नको. चकाकी पाहून स्टेनलेस वाटतो, पण अशा संचांत तो बहुतेकदा मुलामा दिलेल्या हलक्या धातूचा असतो. आडवा ताण आला की त्याचं तोंड उघडतं, आणि तुटला तर तुकडा चालकाच्या दिशेने उडतो. धातूची गरजच नाही. दोराचा फासा स्कूटरच्या मागच्या ओढकडीतून घालायचा, त्या फाशातून हँडलसकट सगळा दोर ओढून घ्यायचा, झाला गळफास. कडीची कड धारदार असेल तर बागेच्या पाइपचा वीतभर तुकडा दोरावर चढवावा, नाहीतर तिथेच वीण झिजते. दोर स्कूटरच्या हँडलबारला, सीटच्या पट्ट्याला किंवा चालकाच्या जॅकेटला कधीच बांधू नये.

हँडलची दांडी म्हणजे फोमच्या आत ॲल्युमिनियमची नळी. दोन्ही टोकांची बुचं सैल असली की नळीत पाणी शिरतं, दोन-चार फेऱ्यांनंतर हँडल जड होतं आणि बुडायला लागतं. कानाजवळ धरून हलवा, आत पाणी असेल तर खुळखुळ ऐकू येते. बुचाभोवती सिलिकॉन भरून एक दिवस वाळू दिलं की काम होतं. त्रिकोणाच्या आतून हात किंवा पाय घालू नये, हे नवशिक्याला पाण्यात उतरण्याआधीच बजावावं. फोमचा गोळा हँडलपासून हातभर अंतरावर असावा. तो दोर वर ठेवतो आणि चालकाला हँडल कुठं आहे ते दिसतं.

तलावावरची तालीम अशी. स्कूटर तीन सीटची हवी: एक चालक, त्याच्यामागे सर्फरकडे तोंड करून बसणारा एक लक्ष ठेवणारा, आणि तिसरी जागा सर्फरला परत आणायला. ९० ते ११० अश्वशक्ती भरपूर झाली. जास्त ताकदीचं इंजिन लहान लाटेत फक्त खांदे उखडतं. सर्फर पोटावर झोपून दोन्ही हातांनी हँडल धरतो. चालक सगळ्यात कमी गतीवर दोर ताठ होईपर्यंत पुढे जातो आणि थांबतो. सर्फरने हात वर केला की थ्रॉटल (वेग वाढवायचा खटका) ३-४ सेकंदांत हळूहळू वाढवायचा. हात सरळ, गुडघे छातीशी, मग उभं राहणं. हात आखडून हँडल पोटाशी ओढणारा हमखास पुढे आपटतो, कारण दोर किंचित सैल होऊन पुढच्या क्षणी झटका देतो.

सोडताना हँडल समोर टाकायचं नाही, बाजूला फेकायचं. चालकाने थ्रॉटल एकदम शून्यावर आणू नये. थ्रॉटल सोडला की जेटमधून पाणी येत नाही आणि हँडलबार फिरवूनही स्कूटर वळत नाही. नवे चालक नेमके इथेच चुकतात: घाबरून थ्रॉटल सोडतात आणि सरळ जाऊन धडकतात. दोर पाण्यात असताना रिव्हर्स तर अजिबात नको.

तरीही दोर आत ओढला गेलाच तर इंजिन लगेच बंद करून लॅनयार्ड (चालकाला बांधलेली, इंजिन बंद पाडणारी दोरी) काढून घ्यावा. दोराचं बाहेरचं टोक धरून ओढत बसू नये, तो इम्पेलरवर (जेटमधल्या फिरत्या पात्यावर) आणखी आवळतो. किनाऱ्यावर आणून इम्पेलरचा शाफ्ट हाताने उलटा फिरवत एकेक वेढा सोडवावा किंवा कापावा. स्कूटर आडवी करायची झाली तर कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या बाजूनेच, कारण दुसऱ्या बाजूने एग्झॉस्टमधलं पाणी इंजिनात उतरू शकतं. चालकाच्या जॅकेटवर दोर कापायची छोटी सुरी हवीच. ती या संचात येत नाही.

विदर्भातल्या तलावांचं एक वेगळं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेले खुंट आणि दगड वर येतात. जेट पंपाखाली ९० सेंटीमीटर पाणी नसेल तर गाळ आणि खडे आत जाऊन इम्पेलरभोवतीची कडी घासली जाते, आणि इंजिन ओरडतं पण ओढ कमी पडते. जलपर्णी असलेल्या भागात तर स्कूटर नेऊच नये. मासेमारीची जाळी वरून दिसत नाहीत, म्हणून पाण्यात उतरण्याआधी तिथल्या ढीवर बांधवांना विचारावं. कुठं जाळी लावलीत, कुठं खुंट आहेत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

समुद्रावर या संचाला दोन गोष्टींची जोड लागेल: मागे बांधायचा फोमचा रेस्क्यू स्लेड (सर्फरला वर घेऊन आणायची फळी) आणि गोड्या पाण्याने धुवायची सोय. यामाहासारख्या, बाहेरचंच पाणी इंजिनात फिरवणाऱ्या स्कूटरला आधी इंजिन सुरू, मग नळ सुरू. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. क्रम उलटला की पाणी इंजिनात शिरतं. दोरही त्याच नळाखाली धुवून घ्या, विणीत वाळलेलं मीठ आणि वाळू त्याला आतून कापतात.