सिरोसिसच्या रुग्णासाठी फिंगरटिप पल्स ऑक्सिमीटर: घ्यावा, पण झोपूनही मोजणार असाल तरच

बोटाला चिमट्यासारखा लावायचा साधा ऑक्सिमीटर लिव्हर सिरोसिस (लिव्हर कडक, व्रणांनी भरलेलं होणं) असलेल्या माणसाच्या कितपत कामाचा आहे, एवढंच इथे तपासलं आहे. मत आधीच सांगतो. घ्यायला हरकत नाही. पण दिवसातून एकदा बसल्या जागी बोट घालून ‘९७ आलं, म्हणजे फुप्फुसं ठणठणीत’ असं समजायचं असेल, तर न घेतलेला बरा.

लिव्हरचा आजार जुना झाला किंवा पोर्टल शिरेतला (आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणारी शीर) दाब वाढला, की काही रुग्णांच्या फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या सैल पडून फुगतात. तिथे रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू गरजेपेक्षा जास्त तयार होणं, हे त्यामागचं एक मोठं कारण. निरोगी केशवाहिनी साधारण ८ ते १५ मायक्रॉन रुंद असते. इथे ती १०० मायक्रॉनपर्यंत, क्वचित ५०० पर्यंत जाते. एवढ्या रुंद प्रवाहाच्या मधोमध वाहणाऱ्या लाल पेशींपर्यंत वायुकोशातला (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांतला) ऑक्सिजन पोहोचतच नाही आणि रक्त अर्धवट ऑक्सिजन घेऊन पुढे निघून जातं. हा हेपॅटोपल्मनरी सिंड्रोम, म्हणजे एचपीएस. छातीचा एक्स-रे बऱ्याचदा जवळपास नॉर्मल येतो. लिव्हर किती बिघडलंय यावरूनही अंदाज बांधता येत नाही. रिपोर्ट बरे असलेल्या रुग्णातही एचपीएस सापडतो.

ऑक्सिमीटरचा खरा उपयोग इथे आहे. फुगलेल्या वाहिन्या जास्त करून फुप्फुसाच्या तळाशी असतात. माणूस उभा राहिला की रक्त तळाकडे जातं आणि सॅच्युरेशन, म्हणजे यंत्रावर दिसणारी रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, घसरतं. आडवा झाला की सुधारतं. धाप लागणाऱ्या बऱ्याच आजारांत आडवं पडल्यावर धाप वाढते, इथे उलट होतं. म्हणून मोजायचं ते असं. रुग्णाला दहा मिनिटं उताणं झोपू द्या. हात गार असतील तर चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा आणि बोट टोकापर्यंत आत सरकवा. पडद्यावरची नाडीची लाट एकसारखी दिसू लागली की अर्धा मिनिट थांबून मगच आकडा लिहा. आधी बसवा, मग उभं करा. पाच ते दहा मिनिटांनी तेच बोट, तोच हात, हात छातीच्या पातळीवर ठेवून पुन्हा मोजा. शेजारी कोणीतरी उभं असलंच पाहिजे, कारण या रुग्णांचं बीपी मुळात कमी असतं आणि उठताना तोल जातो.

या यंत्रांची चूक दोन-तीन टक्क्यांची असते, त्यामुळे एका वेळच्या एक-दोन अंकांच्या फरकावर काही ठरवू नका. वेगवेगळ्या दिवशी उभं राहिल्यावर तीन किंवा जास्त अंक पडत असतील, तर आमच्या मते तो डॉक्टरांना दाखवण्यासारखा पुरावा आहे. निदान मात्र त्यावर होत नाही; ते धमनीतल्या रक्ताच्या तपासणीवर, म्हणजे एबीजीवर, आणि पुढे सांगितलेल्या बबल इकोवर होतं. पोटात पाणी घट्ट भरलं असेल तर झोपल्यावरच दम लागतो आणि ही चाचणी गोंधळात टाकते. अशा वेळी आधी पाण्याचा बंदोबस्त करून घ्या.

आता मोठा दोष. सुरुवातीचा एचपीएस हे यंत्र पकडत नाही. एक उदाहरण समुद्रसपाटीवरचं घेऊ. सिरोसिसचा रुग्ण नकळत जास्त श्वास घेतो, त्यामुळे त्याच्या रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ३० पर्यंत उतरलेला असू शकतो (इथले वायूंचे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमधले). श्वासातून आत येणाऱ्या ऑक्सिजनचा दाब सुमारे १५० धरतात. त्यातून ३० भागिले ०.८ (शरीर सोडतं तो कार्बन डायऑक्साइड आणि घेतं तो ऑक्सिजन यांचं प्रमाण), म्हणजे ३७.५, वजा केले की वायुकोशातला ऑक्सिजन येतो सुमारे ११२. धमनीत मोजला तर ८५. मधली तफावत २७. एचपीएससाठी मर्यादा १५ आहे, वय ६४ च्या पुढे असेल तर २०. म्हणजे हा रुग्ण रेषा ओलांडून पुढे गेला आहे, आणि ऑक्सिमीटर मात्र ९६-९७ दाखवत राहील. सॅच्युरेशनचा आलेख वरच्या टोकाला सपाट असतो, त्यामुळे धमनीतला ऑक्सिजन ८० च्या खाली यायला लागल्यावरच आकडा हलल्याचं जाणवतं. ९६ पेक्षा कमी आलं तर एबीजी करा, हा नियम चांगला आहे. ९६ च्या वर आलं म्हणून एचपीएस नाही, हा नियम नाही. सावळ्या-काळ्या त्वचेवर ही यंत्रं खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतात, हेही लक्षात ठेवा. काविळीने मात्र आकडा सहसा बिघडत नाही.

प्रत्यारोपणाच्या यादीसाठी तपासणी चालू असेल, नखं फुगीर झाली असतील, अंगावर कोळ्याच्या आकाराच्या लाल शिरा वाढत असतील किंवा धाप लागत असेल, तर सॅच्युरेशन कितीही असो, बबल इको (बुडबुडे सोडून केलेली हृदयाची सोनोग्राफी) मागून घ्या. सलाइन घुसळून केलेले बुडबुडे हाताच्या शिरेतून सोडतात. निरोगी फुप्फुसात ते अडकून विरतात. वाहिन्या फुगलेल्या असतील तर उजव्या बाजूला दिसल्यानंतर तिसऱ्या ठोक्यापुढे, साधारण तीन ते सहा ठोक्यांत, ते हृदयाच्या डाव्या कप्प्यात उतरतात. त्याआधीच उतरले तर छिद्र बहुधा हृदयातच आहे. खात्रीचा इलाज लिव्हर प्रत्यारोपण हाच. त्यानंतर बहुतेकांचा ऑक्सिजन सुधारतो, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षही.

लिव्हरमुळे फुप्फुसात होणारा दुसरा आजार या यंत्राला दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. पोर्टोपल्मनरी हायपरटेन्शनमध्ये वाहिन्या फुगत नाहीत, आकसतात. हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, चालल्यावर दम लागतो, चक्कर येते, आणि सॅच्युरेशन बरंच काळ ठीक राहतं. त्यासाठी साधा इको आणि मग उजव्या हृदयातला दाब मोजणारी कॅथेटर तपासणी लागते.

खरेदी करताना नाडीची लाट आणि परफ्युजन इंडेक्स (बोटात रक्ताचा प्रवाह किती चांगला आहे, तो आकडा) दाखवणारं मॉडेल घ्या. नुसते आकडे दाखवणारं नको. सॅच्युरेशन आणि नाडी, दोन्ही आकडे ठळक आणि वेगळे दिसायला हवेत, कारण दोन्ही नव्वदीत असले की घरातली माणसं हमखास उलटसुलट लिहून ठेवतात. नाडीचा आकडा वाया जाऊ देऊ नका. पोर्टल शिरेतला दाब कमी करायला प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ५५ ते ६० हा ठोका डॉक्टरांना हवाच असतो, त्याने घाबरू नका. त्याखाली गेला तर कळवा. आराम करतानाही सॅच्युरेशन ९० च्या खाली राहत असेल किंवा ओठ निळसर झाले असतील, तर वहीत नोंद करत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

वहीत तारीख, झोपून की उभं, कोणतं बोट आणि ऑक्सिजन चालू असेल तर किती लिटर, एवढं पुरे. आणि एबीजीला जाताना यंत्र सोबत न्या. धमनीतून रक्त काढतात त्याच मिनिटाला दुसऱ्या हाताच्या बोटाला लावून आकडा टिपा आणि रिपोर्ट आल्यावर त्यातल्या सॅच्युरेशनशी ताडून बघा. तुमचं यंत्र या रुग्णाच्या बोटावर किती अंक चढं किंवा उतरतं दाखवतं, याचा अंदाज येईल. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.